ताई कोरियात शिकवते, आईबाबांना घेऊन जायचंय: तारखा, व्हिसा, मुक्काम, जेवण

रानजाई
ताई दक्षिण कोरियात देजॉनच्या एका विद्यापीठात शिकवते. आईबाबांना (वय ६१ आणि ६८) घेऊन मला साधारण पंधरा दिवस जायचं आहे, सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२६ मध्ये कधीही. निघणार पुण्याहून, म्हणजे विमान मुंबईचंच. 'सोलमध्ये काय बघावं' याच्या याद्या नेटवर ढिगाने आहेत, त्या नकोत. अडलंय ते वेगळंच.

तारखा कोणत्या धराव्यात? ताईला वर्ग बुडवता येणार नाहीत. व्हिसा टुरिस्ट काढायचा की नातेवाईक-भेटीचा? ताईकडे एकच खोली आहे, तिथे चौघं मावतील का? आणि आई अंडंसुद्धा खात नाही. बाबांना मधुमेह आहे, गुडघे दुखतात, रात्री झोपेची गोळी लागते.

कडेपठार
व्हिसापासून सुरू करतो, कारण बाकी सगळं त्यावर टांगलेलं आहे.

ताई तिथे रीतसर राहते, तर नातेवाईक-भेटीचा व्हिसा (सी-३-१) सरळ पडतो. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात. ताईने तिकडून पाठवायचं ते असं: सही केलेलं निमंत्रणपत्र (कोण येणार, किती दिवस, राहणार कुठे, खर्च कोण करणार), तिच्या रेसिडन्स कार्डाची दोन्ही बाजूंची प्रत, पासपोर्टची प्रत आणि विद्यापीठाचा नोकरीचा दाखला. हा दाखला तिथे बहुतेक ठिकाणी ऑनलाइन निघतो, फक्त इंग्रजीतला मागायला सांगा.

इकडून पासपोर्ट, ३५ x ४५ मिमीचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो, बँकेचं सहा महिन्यांचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्रं. बाबा निवृत्त असतील तर पेन्शनची कागदपत्रं. नात्याचा पुरावा म्हणून ताईचा जन्मदाखला लागेल. जुना दाखला निव्वळ मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर नोटरी करून जोडा. आयत्या वेळी मागवलेलं भाषांतर हे अर्ज लटकण्याचं नेहमीचं कारण.

नव्वद दिवसांपर्यंतच्या, एकदाच प्रवेशाच्या व्हिसाची फी ४० डॉलर, ती रुपयांत भरायची. अर्ज केंद्राचा सेवाआकार वेगळा. हा व्हिसा मिळाल्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत वापरायचा असतो, त्यामुळे मे महिन्यातच काढून ठेवला आणि ऑक्टोबरला गेलो असं चालत नाही. प्रवासाच्या सहा-सात आठवडे आधी अर्ज, हा अंदाज बरोबर बसतो.

पासपोर्टवर स्टिकर येत नाही. व्हिसा पोर्टलवरून मंजुरीचा कागद उतरवून छापून घ्यायचा. त्यावरचा पासपोर्ट क्रमांक एकेक आकडा ताडून बघा. मधल्या काळात पासपोर्टचं नूतनीकरण करायला जाऊ नका.

चष्मिष्ट
वाचनखूण साठवली.

तांबडा_रस्सा
कडेपठार, एवढा खटाटोप कशाला? टुरिस्ट व्हिसा काढा, हॉटेलचं बुकिंग दाखवा, मोकळे व्हा. निमंत्रण आलं की ताईच्या डोक्याला ताप. आणि के-ईटीए म्हणून ऑनलाइन काहीतरी निघालंय ना? ते का नको?

कडेपठार
के-ईटीए हा ऑनलाइन प्रवासपरवाना व्हिसा न लागणाऱ्या देशांसाठी आहे. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो, त्यामुळे तो विषय संपला. बिनव्हिसाची जी सवलत आहे ती जेजू बेटापुरती. तिथून मुख्य भूमीवर येता येत नाही, म्हणून देजॉनला जाणाऱ्याला तिचा काडीचा उपयोग नाही.

टुरिस्ट व्हिसा चालतो, नाही असं नाही. पण अर्जात हॉटेलचं बुकिंग आणि प्रत्यक्ष मुक्काम ताईकडे, अशी विसंगती का ठेवायची? इंचॉन विमानतळावर अधिकाऱ्याने 'राहणार कुठे' विचारलं की आईबाबा खरं तेच सांगणार.

एक मराठी घोळ आधीच बघून ठेवा. ताईचं लग्न झालं असेल आणि नाव बदललं असेल तर जन्मदाखला आणि पासपोर्ट यांचा मेळ बसत नाही, मग विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडावं लागतं. सासरी पहिलं नावही बदललं असेल तर राजपत्राची प्रत. आईचं नाव दाखल्यात एक आणि पासपोर्टवर दुसरं असेल तर एक साधं प्रतिज्ञापत्र.

आळशी_अण्णा
म्हणजे सासूबाईंनी ताटात तांदळावर लिहिलेलं नाव थेट दूतावासापर्यंत पोचतं!

रानजाई
अण्णा :) ताईचं लग्न झालेलं नाही, तेवढा एक कागद वाचला. आईच्या नावात मात्र दाखल्यावर 'बाई' आहे, पासपोर्टवर नाही. प्रतिज्ञापत्र करतो.

खडूपेटी
तारखांचं गणित विद्यापीठाच्या वेळापत्रकावर बसवा, पानगळीच्या फोटोंवर नको. तिथलं दुसरं सत्र सप्टेंबरच्या सुरुवातीला चालू होतं आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत चालतं. आठव्या आठवड्याच्या आसपास, म्हणजे ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, सहामाही परीक्षा. वर्ग रद्द केला तर प्राध्यापकाला भरपाईचा तास घ्यावा लागतो आणि त्याची नोंद होते. 'दोन दिवस रजा टाक गं' असं तिला म्हणू नका. म्हटलं तर ती टाकेल, आणि तुम्ही परत आल्यावर संध्याकाळी सातला भरपाईचे तास घेत बसेल.

आता २०२६ चं कॅलेंडर बघा. चुसॉक हा तिथला मोठा सण २५ सप्टेंबरला, सुट्टी २४ ते २६. ३ ऑक्टोबर हा राष्ट्रीय स्थापना दिन शनिवारी येतो, म्हणून सोमवारी ५ तारखेला बदली सुट्टी. ९ ऑक्टोबर, शुक्रवार, हांगुल दिन, म्हणजे कोरियन लिपीचा दिवस, त्याचीही सुट्टी. म्हणजे २ तारखेला पोचलात तर ३-४-५ आणि ९-१०-११ असे दोन लांब शनिवार-रविवार ताईला एक तासही न बुडवता मिळतात. मधले तीन-चार दिवस तुम्ही देजॉनमध्ये आपले आपण.

शाळेत शिकवणाऱ्यांचं गणित वेगळं. त्यांना जुलैच्या शेवटापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत आणि जानेवारीत सुट्टी असते. पण सुट्टीत इंग्रजीची शिबिरं लावलेली असतात, ते आधी विचारून घ्यायचं.

तांबडा_रस्सा
चुसॉकलाच का जाऊ नये? सण बघायला मिळेल, ताईला सलग सुट्टी.

खडूपेटी
नको. चुसॉकला अर्धा देश गावी निघतो. त्या दिवसांच्या रेल्वे तिकिटांची वेगळी आगाऊ विक्री होते आणि ती लगेच संपते. सणाच्या दिवशी छोटी दुकानं, खाणावळी बंद. तो सण घरात साजरा होतो. पितरांना नैवेद्य, कबरींची साफसफाई. पाहुण्याला रस्त्यावर शुकशुकाटच दिसतो. राजवाडे उघडे असतात हे खरं, पण ते सोलला, आणि सोलला जायचं तिकीट नाही!

शिवाय यंदा २५ सप्टेंबरलाच अनंत चतुर्दशी आहे. गणपती बसवणारं घर असेल तर प्रश्नच मिटला.

रानजाई
गणपती आहे घरी, दहा दिवसांचा. चुसॉक बाद.

निशिगंध_९
अवांतर: भारतीयांना तिथे इंग्रजी शिकवायची नोकरी मिळते का? पुतणी बी.एड. आहे.

खडूपेटी
थोडक्यात सांगतो, नाहीतर धागा भरकटेल. संभाषणाच्या इंग्रजीचा ई-२ व्हिसा मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड, दक्षिण आफ्रिका. भारतासोबतचा सर्वंकष आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला, त्यातून पदवी आणि इंग्रजीचा अध्यापन परवाना असलेल्या भारतीयांना सरकारी शाळांत साहाय्यक शिक्षक म्हणून वाट आहे. खाजगी शिकवण्या, ज्यांना तिथे हागवन म्हणतात, त्यांच्या जाहिराती बघून पैसे भरू नका. विद्यापीठातल्या प्राध्यापकांचा व्हिसा ई-१, तो वेगळा. रानजाईंची ताई बहुधा त्यावरच असेल. हिंदी शिकवणारे विभागही आहेत, सोलच्या हांगुक परराष्ट्र भाषा विद्यापीठात आहे. बाकी वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

भाड्याची_खोली
मुक्कामाबद्दल. तिथली 'वनरूम' साधारण वीस चौरस मीटरची, म्हणजे सव्वादोनशे चौरस फुटांच्या आतबाहेर. दारात चपला, उजवीकडे न्हाणी, डावीकडे ओटा, समोर पलंग आणि टेबल. संपली खोली. दोन माणसं जमिनीवर गादी घालून झोपू शकतात, चौघं नाही. आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना जमिनीवरून रात्री दोनदा उठायला लावू नका.

ताईला दोन गोष्टी विचारायला सांगा. एक, घर विद्यापीठाचं असेल तर रात्री पाहुणा ठेवायला परवानगी आहे का. वसतिगृहवजा इमारतींत बहुधा नसते. दोन, विद्यापीठाचं अतिथिगृह आहे का. असेल तर विभागाच्या कार्यालयामार्फत खोली मिळते, बाहेरच्या हॉटेलपेक्षा स्वस्त. पण दोन महिने आधी सांगावं लागतं, परिषदांच्या काळात ती भरलेली असतात. नसेल तर 'रेसिडन्स' प्रकारचं हॉटेल बघा, आत छोटा ओटा आणि कपडे धुण्याचं यंत्र असतं. आईबाबा तिथे, तुम्ही ताईकडे जमिनीवर.

हॉटेल शोधताना 'ओन्दोल खोली' असं दिसलं तर ती जमिनीवर झोपायची खोली. पलंगाची वेगळी मागायची.

ताईच्या घरात नळाला गरम पाणी येईना तर बॉयलर बिघडलेला नसतो. भिंतीवरच्या पॅनेलवर तापवणं आणि नळाचं गरम पाणी अशी वेगवेगळी बटणं असतात. 'ओन्सू' म्हणजे गरम पाणी. 'वेचुल' म्हणजे घराबाहेर, ते दाबलं की घर गारठतं.

आळशी_अण्णा
बाबा 'वीज वाचवा' म्हणून जाता-येता वेचुल दाबणार, लिहून ठेवा.

भाड्याची_खोली
:) पॅनेलवर चिकटपट्टी लावून मराठीत लिहून टाका, खरंच सांगतो.

कचऱ्याचंही आईला आधीच समजवा, कारण दंड ताईला होईल. सामान्य कचरा त्या-त्या पालिकेच्या विकतच्या पिशवीतच टाकायचा. ती किराणा दुकानात गल्ल्यापाशी मागावी लागते. ओला कचरा वेगळा. पण आपला ओला आणि त्यांचा ओला एक नाही. कांद्या-लसणाची सालं, चहाचा चोथा, नारळाची करवंटी हे सगळं त्यांच्या हिशेबात सामान्य कचरा, कारण ओल्या कचऱ्याचं तिथे जनावरांचं खाद्य किंवा खत होतं. प्लास्टिक, काच, कागद, डबे धुऊन वेगवेगळे.

डबा_नं_७
विमान. मुंबईहून हाँगकाँग, बँकॉक, सिंगापूर किंवा क्वालालंपूरला थांबा घेऊन जाता येतं. दिल्लीहून थेट आहे, पण पुणेकराला दिल्लीला सामान घेऊन टर्मिनल बदलण्यात काही फायदा नाही. सगळे टप्पे एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे सामान थेट इंचॉनला मिळतं आणि मधल्या देशाचा व्हिसा लागत नाही. व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारं तिकीट काढू नका.

पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ई-अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं. ते फुकट आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नव्हेत, सर्चमध्ये तीच वर दिसतात. त्यात राहण्याचा पत्ता पिनकोडसह लागतो, तो ताईकडून इंग्रजीत आणि कोरियनमध्ये, दोन्ही मागवून ठेवा. कोरियनवाला टॅक्सीला उपयोगी.

कोरियन विमान कंपन्यांत १ मार्च २०२५ पासून पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवता येत नाही, जवळ किंवा समोरच्या खिशात ठेवायची. त्या जानेवारीत गिम्हे विमानतळावर उभ्या विमानाला आग लागली, त्यानंतर हा नियम आला.

इंचॉनहून देजॉन: केटीएक्स (तिथली वेगवान रेल्वे) विमानतळावरून सुटत नाही, ती सेवा २०१८ मध्येच बंद झाली. जुने ब्लॉग वाचून फसू नका. आता दोन रस्ते. विमानतळाची रेल्वे पकडून सोल स्टेशन (पहिल्या टर्मिनलपासून एक्स्प्रेसला ४३ मिनिटं, दुसऱ्यापासून ५१), मग केटीएक्सने तासाभरात देजॉन. किंवा विमानतळावरूनच देजॉनची थेट बस, अडीच ते तीन तास.

तुमच्यासाठी बस. सोल स्टेशनला विमानतळ रेल्वेचा फलाट जमिनीखाली खूप खोल आहे. तिथून केटीएक्सपर्यंत तीन मोठ्या बॅगा आणि दुखरे गुडघे घेऊन सरकते जिने चढायचे, लिफ्टच्या रांगेत उभं राहायचं. बसमध्ये बॅगा पोटात जातात, माणसं झोपतात. देजॉनमध्ये थांबे एकाहून जास्त आहेत, बस टर्मिनल आणि सरकारी कचेऱ्यांचा भाग हे मुख्य. ताईच्या घराला कुठला जवळ ते विचारा.

तांबडा_रस्सा
बससाठी अडीच तास? केटीएक्सचा अनुभव घेतला नाही तर कोरियाला जाऊन केलं काय! आणि रेल्वे पास काढला तर सगळीकडे फुकट फिरता येतं.

डबा_नं_७
केटीएक्स सोलला जाताना घ्या की, हातात एक पिशवी असताना. सोल–देजॉन साधं तिकीट २३,७०० वॉन, जाऊन-येऊन ४७,४००. परदेशी पाहुण्यांचा पास याहून कितीतरी महाग. तो बुसान-सोल असं लागोपाठ फिरणाऱ्याला परवडतो, एका शहरात तळ ठोकणाऱ्याला तोटाच. (१००० वॉन म्हणजे साठ-पासष्ट रुपये धरा.)

तिकिटं महिनाभर आधी सकाळी सातला खुली होतात. कोरियाची घड्याळं साडेतीन तास पुढे, म्हणजे आपले पहाटेचे साडेतीन. ३ ते ५ ऑक्टोबरच्या सुट्टीत सोलला जाणार असाल तर हे काम ताईकडे द्या.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते नावात. 'देजॉन' आणि 'सोदेजॉन' ही दोन वेगळी स्टेशनं, मध्ये बरंच अंतर. सोदेजॉनच्या गाड्या साधारणपणे सोलच्या योंगसान स्टेशनातून सुटतात, सोल स्टेशनातून नाही. तिकिटावर दोन्ही नावं नीट वाचा. फलाटावर जायला गेट नसतं, थेट जाऊन आपल्या जागेवर बसायचं. कुणी तिकीट तपासलं नाही म्हणून बाबा अस्वस्थ होतील. तपासनिसाच्या हातातल्या यंत्रावर कुठली जागा विकली आहे ते दिसत असतं.

शहरात बस-मेट्रोसाठी टी-मनी कार्ड. किराणा दुकानात मिळतं आणि रोख देऊनच भरलं जातं. बसमधून उतरतानाही टेकवायचं, नाहीतर पुढची बस किंवा मेट्रो पकडताना मिळणारी सवलत जाते. ज्येष्ठांना मेट्रो फुकट ही सोय तिथल्या रहिवाशांना, पर्यटकांना नाही.

चष्मिष्ट
गूगल मॅप चालतो का तिथे?

डबा_नं_७
भरवशाचा नाही. चालत जायचा रस्ता तो नीट दाखवत नाही. नेव्हर मॅप टाका, इंग्रजीत आहे. पण इंग्रजी नाव घालून ठिकाण सापडेलच असं नाही, कोरियन अक्षरांतलं नाव चिकटवलं की लगेच सापडतं. ताईने घर, विभाग, दवाखाना, किराणा अशी पाच-सहा ठिकाणं साठवून तिघांच्या फोनवर पाठवावीत. भाषांतराला पापागो. फोटोतला मेनूही वाचतो.

उकडहंडी
जेवणावर लिहायला थांबले होते.

तिथे 'शाकाहारी' म्हणून जे समोर येतं त्यात मांसाचे तुकडे नसतात, एवढाच अर्थ घ्या. किमचीत माशाचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते. भाज्यांच्या रश्शाला सुकट माशाचं पाणी. त्तॉकबोक्कीत (तांदळाच्या वड्यांचा तिखट पदार्थ) माशाच्या वड्या. किंबापमध्ये (भाताची गुंडाळी) अंडं, हॅम, खेकड्याची नकली काडी. बिबिंबापमधून (भाज्या घालून कालवायचा भात) मांस-अंडं काढायला सांगता येतं: 'गोगी, केरान प्पे जुसेयो'. पण वरच्या तिखट लाल चटणीत काही ठिकाणी खिमा परतून घातलेला असतो, ती वेगळ्या वाटीत मागवायची आणि विचारून घ्यायची.

बिनधास्त खाण्यासारखं: भाजलेलं रताळं, भाजलेले चेस्टनट, फळं. ऑक्टोबरमध्ये पर्सिमन आणि तिथली नासपती उत्तम. त्तॉक, म्हणजे तांदळाच्या चिकट वड्या. बौद्ध मठातलं जेवण सर्वात सुरक्षित. त्यात मांस-मासे नाहीतच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य.

देजॉनची सॉंगशिमदांग बेकरी (१९५६ पासूनची, देजॉनबाहेर शाखाच नाही) सगळे सांगतील. तिथल्या बहुतेक पावांत अंडं आहे. आईंना रांगेत उभं करू नका.

म्हणून एक वेळ घरी स्वयंपाक हे धरूनच चला. आता न्यायचं काय. ताजं काही नाही: कढीपत्ता, मिरच्या, आलं, आंबे, फुलं, सगळं विमानतळावर ठेवून घेतात. मांस आणि मांसाचे पदार्थ अजिबात नाहीत, न सांगता नेले तर दंड १ कोटी वॉनपर्यंत जाऊ शकतो. दुधाचे पदार्थही प्राणिजन्य तपासणीच्या यादीत, म्हणून पेढे, तूप, चितळ्यांची बर्फी घरीच ठेवा. अख्खी कडधान्यं, मोहरी, धणे, म्हणजे जे पेरलं तर उगवेल ते, वनस्पती तपासणीत अडकतं. दळलेलं आणि भाजलेलं सोपं जातं: गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, हळद, तिखट, भाजलेला रवा. कंपनीचं बंद पाकीट, वर इंग्रजीत घटक छापलेले. खसखस नकोच, ती अफूची बी. शंका असेल ते जाहीर करा, सांगून दाखवलं तर फार तर काढून घेतात.

डाळ, कणीक, लांब तांदूळ तिथेच घ्या. सोलच्या इतेवॉन भागात मशिदीजवळ भारतीय-पाकिस्तानी दुकानं आहेत, आणि ऑनलाइन मागवलं तर घरपोच येतं. तुम्ही पोचायच्या आधी ताईने मागवून ठेवावं. साध्या दुकानातलं गव्हाचं पीठ म्हणजे आपला मैदा, त्याच्या पोळ्या चिवट होतात. दही गोड असतं, 'मुगादांग' लिहिलेलं बिनसाखरेचं घ्यायचं. बटाटे, पालक, मुळा, कोबी, टोफू, मोड आलेले मूग मुबलक. 'चॉंगयांग' मिरची तिखट लागते, बाकीच्या दिसतात हिरव्यागार पण काकडीच. मोठी सुपरमार्केटं बऱ्याच शहरांत दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी बंद.

भाड्याची_खोली
उकडहंडींना पुरवणी. शेगडी विचारून घ्या. इंडक्शन असेल तर इकडचा ॲल्युमिनियमचा कुकर चालणार नाही, इंडक्शन-तळाचा लागतो. वीज २२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. भोक दोन गोल पिनांचं. मोबाईलचा दोन पिनी चार्जर बसतो, मिक्सरचा तीन पिनी प्लग बसत नाही, ॲडॉप्टर न्या. फोडणी देताना चिमणी आधी चालू करायची, मग तेल तापवायचं. एका खोलीच्या घरात मोहरी-हिंगाचा वास गाद्यांत आणि कोटांत बसतो, आणि ताई दुसऱ्या दिवशी तोच कोट घालून वर्गावर जाते.

आळशी_अण्णा
विद्यार्थी: मॅडम, आज हिंग लेक्चर का?

फडताळ
गमतीत बाबांची झोपेची गोळी मागे पडली, ती सगळ्यात गंभीर गोष्ट आहे. कोरियाचा अमली पदार्थांचा कायदा कडक आहे. झोल्पिडेम, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्या आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध यावर तिथे नियंत्रण आहे. आपल्याकडे ही औषधं घराघरांत डब्यात पडलेली असतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

करायचं असं: गोळीचं रासायनिक नाव बघा, कंपनीचं नाही. वरच्या प्रकारातली असेल तर त्यांच्या अन्न व औषध सुरक्षा मंत्रालयाची आगाऊ परवानगी काढा. त्यासाठी डॉक्टरांचं इंग्रजी पत्र लागतं: आजार, औषध, मात्रा, किती दिवस, एकूण किती गोळ्या. सोबत पासपोर्टची प्रत. निदान तीन आठवडे हाताशी ठेवा. नाहीतर डॉक्टरांशी बोलून तेवढ्या दिवसांसाठी पर्याय बघा, पण गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका.

मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या मूळ पाकिटात, चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. इन्सुलिन असेल तर तेही हातातच. तिथला भात चिकट, पांढरा आणि साखर झटकन वाढवणारा. मिश्र धान्यांचा 'चापगोकबाप' मागता येतो.

प्रवास विमा घ्याच, आधीचे आजार जाहीर करून. ताईचा राष्ट्रीय आरोग्य विमा आईबाबांना लागू होत नाही. एप्रिल २०२४ पासून परदेशी कर्मचाऱ्याच्या आईवडिलांना त्यात यायला सहा महिने वास्तव्य लागतं. रुग्णवाहिका ११९, पोलीस ११२, पर्यटकांसाठी इंग्रजीत चोवीस तास १३३०.

रानजाई
फडताळ, धन्यवाद. गोळी क्लोनाझेपामच आहे. डॉक्टरांची वेळ घेतो.

ताईच्या विभागप्रमुखांना भेटायचंय. भेट काय न्यावी? आणि तिचा वर्ग बघता येईल का?

खडूपेटी
भेट छोटी ठेवा. २८ सप्टेंबर २०१६ पासून तिथे लाचप्रतिबंधाचा कायदा लागू आहे आणि शाळा-विद्यापीठांचे शिक्षक, खाजगीतलेसुद्धा, त्याखाली येतात. भेटवस्तूची साधारण मर्यादा ५०,००० वॉन. जो शिक्षक गुण देतो त्याला विद्यार्थ्याने कॉफी पाजलेलीही चालत नाही. काजूचं बंद पाकीट किंवा दार्जिलिंग चहाचा डबा पुरे, दोन्ही हातांनी द्यायचा. चांदीची वाटी, पैठणीची शाल असलं काही नेऊन समोरच्याला अडचणीत आणू नका.

वर्गाचं ताईवर सोडा. विद्यापीठाच्या आवारात कुणीही फिरू शकतं. विद्यार्थ्यांचे फोटो काढायचे नाहीत, ग्रंथालयात कार्डाशिवाय प्रवेश नाही. शिक्षकांच्या उपाहारगृहात ताईसोबत जेवा, पण आईंचा डबा सोबत न्या.

कडेपठार
मधल्या दिवसांसाठी देजॉनच पुरतं. मेट्रोची एकच मार्गिका, चुकायची सोय नाही. युसॉंगला गरम पाण्याचे झरे आहेत. तिथे उघड्यावर पाय बुडवून बसायची फुकट जागा आहे, टॉवेल आपला न्यायचा. बाबांना रोज सोडा. केर्योंगसान डोंगराच्या पायथ्याला दोंगहाक्सा मठ. वाट हळूहळू चढते, गुडघ्यांनी कुरकुर केली तिथून परत फिरता येतं. बसने कोंगजू, तिथली बेक्जे राजवटीची ठिकाणं २०१५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. सोलला जाल तेव्हा ग्योंगबोक राजवाडा मंगळवारी बंद असतो.

निशिगंध_९
बुसानकडे गेलात तर गिम्हेला हॉ राणीची समाधी बघा. तेराव्या शतकातल्या 'सामगुक युसा' या कोरियन ग्रंथात ती 'आयुता' देशातून समुद्रमार्गे आली असं लिहिलंय. आयुता म्हणजे अयोध्या असं मानणारे बरेच आहेत.

तांबडा_रस्सा
मानणारे आहेत, पुरावा पक्का नाही. अयोध्येला समुद्र कुठून आणला?

निशिगंध_९
नदीने आणा की! पण बुसानहून हलक्या रेल्वेने जाता येतं, स्टेशनचं नावच तिच्या नवऱ्याच्या, सुरो राजाच्या समाधीचं आहे. वाद सोडा, जागा शांत आहे.

डबा_नं_७
मूळ प्रश्नाकडे या रे. तारखा अजून ठरल्या नाहीत. ऑक्टोबरची सुरुवात की शेवट? केर्योंगसानचा रंग ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात खुलतो. २० ऑक्टोबरला निघून ४ नोव्हेंबरला परत आलात तर दिवाळीही (८ तारखेला लक्ष्मीपूजन) घरी.

खडूपेटी
आणि २० च्या आसपास ताई पेपर तपासत बसलेली. रंग बघायला मिळेल, मुलगी नाही. शिवाय तोवर सकाळी चांगलंच गार पडतं. सुरुवातीला दिवसा विशीच्या घरात, स्वेटर पुरतो.

भाड्याची_खोली
सुरुवातीला +१. अतिथिगृहही मिळायची शक्यता जास्त, परीक्षेच्या सुमारास बाहेरचे पाहुणे असतात.

रानजाई
ताईशी बोललो. १ ऑक्टोबरच्या रात्री निघून २ ला इंचॉन, परत १७ ला. अतिथिगृहात एक खोली तिने धरली आहे, दोन पलंगांची. व्हिसाचा अर्ज ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. सोल फक्त १० आणि ११ ला, केटीएक्सने. बुसान या खेपेला नाही. पैसे कसे न्यावेत एवढंच राहिलं.

डबा_नं_७
रुपये तिथे बदलून मिळणं अवघड. फॉरेक्स कार्डावर वॉनचा पर्याय बहुधा नसतो. डॉलर भरले तर प्रत्येक खरेदीला चलनबदलाचा आकार लागतो, तो किती ते बँकेला विचारूनच कार्ड निवडा. रोख डॉलर थोडे न्या. माणशी ३००० डॉलरपर्यंत नोटा नेता येतात, तुम्हाला त्याच्या दहावा हिस्साही पुरे. नोटा कोऱ्या, न दुमडलेल्या. विमानतळावर बस आणि टी-मनीपुरतेच बदला, बाकीचे शहरात, भाव बरा मिळतो. ताईला २ तारखेची बसची चार वाजल्यानंतरची तिकिटं आत्ताच बघून ठेवायला सांगा. दुसऱ्या दिवसापासून लांब सुट्टी आहे, शुक्रवारी संध्याकाळी जागा राहणार नाहीत.